खाडीवरच्या बाईशी बोलणी

माझी आत्या परराष्ट्र खात्यातून निवृत्त होऊन कोपरला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा बिल्डिंगमधल्यांना वाटलेलं, ही बाई कुणात मिसळणार नाही. झालं उलटंच. थोड्याच दिवसांत तिला वॉचमनपासून मागच्या गावठाणातल्या मासळीवाल्या बायकांपर्यंत सगळे ओळखायला लागले. ती सगळ्यांना अहोजाहो करायची, रिक्षावाल्या पोरांनासुद्धा, आणि समोरच्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय स्वतः तोंड उघडायची नाही. नोकरीत असताना एका दूरच्या देशात आपले काही कामगार एका टोळीने गोदामात कोंडून ठेवले होते. मांडीवर बंदूक ठेवून बसलेल्या त्यांच्या म्होरक्याबरोबर सबंध दुपार चहा पीत तिने ती माणसं सोडवून आणली होती. हे तिने मला फार उशिरा सांगितलं, तेही मेथी निवडता निवडता.

आमचं घर बौद्ध. अंगात येणं, भूतबाधा, नवस हे सगळं आजोबांच्या पिढीनेच घराबाहेर काढलेलं. त्यात मी मानपाड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी. माझा विश्वास काचपट्टीवर जे दिसतं त्याच्यावर. त्यामुळे पुढे जे झालं त्यावरून आत्याचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. पण ते नंतर.

आमच्या मागच्या गॅलरीतून गावठाणातल्या एका घराचं अंगण दिसतं. त्या घरात एक विधवा बाई, तिचे दोन मुलगे आणि थोरल्याची बायको अशी माणसं राहायची. ती बाई सुकी मासळी विकायची. आत्या तिच्याकडून जवळा घ्यायची आणि तो वर आणून द्यायला सून यायची. ती पंचविशीचीही नसेल, कल्याणच्या पलीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली. आत्या तिला बसवून चहा द्यायची. ती कपबशी दोन्ही हातांत धरून गपचूप प्यायची, विचारलं तेवढंच सांगायची आणि कप स्वतः विसळून ठेवायची.

ती गरोदर राहिली आणि सातव्या महिन्यात तिचं मूल गेलं. पाय घसरून पडली, असं सासूने सांगितलं. त्यानंतर ती वर आली नाही. मग गावठाणात बोभाटा झाला की तिच्या अंगात खाडीवरची बाई येते.

खाडीवरची बाई म्हणजे त्याच घरातली, फार जुन्या काळी खाडीत बुडून मेलेली एक सून. ती कधीमधी कुणाच्या तरी अंगात येते, असं त्या घरात आधीपासून मानत. सुरुवातीला सुनेचं कौतुकच झालं. अमावास्येला अंगणात पाट मांडायचे, तिला साडी-नारळ द्यायचे, शेजारपाजारच्या बायका कुंकू लावून प्रश्न विचारायच्या. मी गॅलरीतून बघायची आणि दार लावून घ्यायची. आत्या मात्र उभी राहायची.

"काय बघतेस त्यात?" मी एकदा विचारलं.

"ती आता ताठ बसते," आत्या म्हणाली. "चहा प्यायला यायची तेव्हा कधी अशी बसलेली मी पाहिली नाही."

मग अचानक ते सगळं थांबलं. पाट नाही, साडी नाही. सून अंगणातही दिसेनाशी झाली. आणि थंडीच्या दिवसांतल्या एका रविवारी दुपारी, आम्ही नुकत्याच जेवून उठलो होतो, तेव्हा खालून मिरची जळल्याचा ठसका वर आला.

आम्ही दोघी गॅलरीत गेलो. अंगणातल्या खांबाला सुनेला बांधलेलं होतं. समोर घमेल्यात निखाऱ्यांवर लाल मिरच्या टाकलेल्या आणि दीर तिची मान धरून तोंड त्या धुरात वाकवत होता. बाहेरून बोलावलेला एक भगत वेताच्या छडीने तिच्या पाठीवर, पोटऱ्यांवर मारत होता आणि प्रत्येक फटक्याला विचारत होता, "जातेस का नाय? जातेस का नाय?" तिचा आवाज घोगरा, पुरुषी झाला होता. ती म्हणत होती, "नाय. नाय जात." आजूबाजूला पंधरा-वीस माणसं उभी. कुणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. नवरा उंबऱ्यावर उकिडवा बसला होता.

मी पोलिसांना फोन लावला. आत्या तोवर चपला घालून जिन्यात पोचली होती.

आम्ही गावठाणात शिरेपर्यंत तिथलं चित्र पालटलं होतं. दोर सुटला होता की कुणी नीट बांधलाच नव्हता, कळलं नाही. सुनेने नारळ फोडायचा कोयता उचलला आणि भगताच्या हातावर वार केला. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी उघडी पडली. तो हात छातीशी धरून ओरडत मातीत बसला. तेवढ्यात तिने सासूचा अंबाडा धरून तिला फरफटत ओसरीलगतच्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली. हे सगळं आम्हाला फाटकाशी उभ्या असलेल्या एका शेजारणीने सांगितलं. जमिनीवर रक्ताचा माग पडला होता आणि त्यावर मिरच्यांचं घमेलं उलटलं होतं.

नवऱ्याच्या हातात पहार होती. त्याने दारावर एक घाव घातला आणि लाकडाची फळी चिरली. "बाहेर काढतो नि संपवतो तिला," तो म्हणाला. दोघातिघांच्या हातात बांबू होते. बाकीचे त्यांना चढवत होते.

आत्या त्याच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभी राहिली. साडीचा पदर तिने कमरेला खोचला होता आणि तोंडावर रुमाल धरला होता.

"पहार खाली ठेवा," ती म्हणाली. "कोयता आत आहे आणि आपली आईही. आपण दार फोडलंत तर आत काय होईल, याचा विचार करा."

आतून सासूचं कण्हणं ऐकू येत होतं. तो थांबला. आत्याने कुणाला तरी स्टूल आणायला सांगितलं, खिडकीच्या गजांपाशी ते ठेवलं आणि त्यावर बसली. मी तिच्या मागे उभी. खिडकीतून सून दिसत होती. केस मोकळे, ओठ सुजलेला, पोलकं पाठीवर फाटलेलं. सासू तिच्या पायाशी बसलेली आणि कोयत्याची धार म्हातारीच्या मानेला टेकलेली.

"मी वरच्या बिल्डिंगमधे राहते," आत्या म्हणाली. "आपल्याशी बोलायला आले आहे. आपल्याला काय म्हणून हाक मारू?"

"मना हाक मारू नको."

"बरं."

"तू यांच्यातली हायस?"

"नाही. मी कुणाकडूनच नाही."

"तू देवाला मानत नाय. भुताला मानत नाय. मना ठावं हाय."

"खरं आहे."

"मग माझ्याशी काय बोलतंस?"

"आपण बोलताय, म्हणून मी बोलते," आत्या म्हणाली. "आपल्याला काय हवंय ते सांगा. मी ते बाहेरच्यांना सांगेन. ते काय म्हणतात ते आपल्याला सांगेन. मधे माझं काही घालणार नाही."

मला तेव्हा इतका राग आला होता की मी तिचा खांदा दाबला. आत एक मार खाल्लेली, ताप चढलेली बाई होती. तिला नावाने हाक मारून, बाळा, कोयता ठेव, असं म्हणायचं सोडून ही तिसऱ्याच कुणाशी बोलत होती. आत्याने माझा हात बाजूला केला.

तेवढ्यात मागून कुणीतरी दगड भिरकावला. तो गजांतून आत गेला आणि सासूच्या कपाळावर बसला. रक्ताची धार तिच्या डोळ्यात उतरली. सून मोठ्याने हसली.

"बघ," ती म्हणाली. "तुमच्याच माणसाचा दगड."

आत्या उठली, वळली आणि गर्दीकडे बघत राहिली. ती परत बसली तरी पुढचा दगड कुणी उचलला नाही.

मग बोलणं सुरू झालं. ते बोलणं मी आयुष्यात विसरणार नाही. आतली म्हणाली, भगत अंगणातून जाऊ दे. आत्याने तसं सांगितलं. भगताला तसंही डॉक्टरकडे न्यायचं होतं, दोघांनी त्याला रिक्षात घातलं. आतली म्हणाली, हिला माहेरी पाठवा आणि न्यायला कुणी येऊ नका. आत्याने हे सांगताच नवरा शिव्या देत पुढे आला. आत्याने त्याच्याकडे न बघता विचारलं, "ही अट का घालताय, ते सांगाल?"

"ती पाय घसरून पडली नाय," आतला आवाज म्हणाला. "यानं तिच्या पोटात लाथ घातली. एकदा नाय, तीनदा. मी आमावास्येला पाटावर बसून सांगितलं तेव्हापासून माझा पाट बंद केला. तवर मी देवी होते."

शूटिंग करणाऱ्याने मोबाइल खाली घेतला. पोलकं फाटलेली, रक्ताळलेली ती बाई आणि तिच्या पायाशी बसलेली सासू, दोघी आमच्याकडे बघत होत्या. सासूने तोंडावरचं रक्त पुसलं आणि हळूच मान हलवली. तिला हे माहीत होतं.

"अजून काही?" आत्याने विचारलं. तिचा आवाज जराही बदलला नव्हता.

"पोर कुठं पुरलं, ते तिला दाखवलं नाय."

आत्याने मान वळवली. "कुणाला माहीत आहे?" तिने बाहेरच्यांना विचारलं.

दीर, जो मघाशी सुनेची मान धुरात दाबत होता, भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातातला बांबू खाली पडला.

"मी नेलं होतं," तो म्हणाला.

"मला नको सांगू. तिकडे सांग," आत्या म्हणाली. तेवढं एकदाच मी तिला कुणाला अरेतुरे करताना ऐकलं.

तो खिडकीशी आला. गज धरून, आत न बघता, त्याने सांगितलं. जुन्या मिठागराच्या बांधावर, जिथे बांध खाडीकडे वळतो तिथे, खारफुटीतल्या चिपीच्या झाडाखाली. फडक्यात गुंडाळून नेलं होतं. मुलगी होती. तो बोलता बोलता रडायला लागला आणि नाक पुसत राहिला.

मग आतून विचारलं, "दाखवशील?"

"दाखवीन."

"मी स्वतः बरोबर जाईन," आत्या म्हणाली. "कोयता माझ्याकडे द्या. दार उघडा. आपल्याला कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द."

कोयता मुठीकडून गजांतून बाहेर आला. आत्याने तो घेतला आणि माझ्या हातात दिला. मूठ चिकट लागली. कडी निघाल्याचा आवाज झाला. आधी सासू बाहेर आली, मागून सून, भिंत धरून.

नवरा तिथे नव्हता. तो घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला होता, हे आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तो सुनेच्या पाठीमागून आला आणि पहार तिच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती उंबऱ्यावर पडली. त्याने दुसऱ्यांदा पहार उचलली तेव्हा आत्याने मधे हात घातला. तिचं मनगट वाकडं होऊन लोंबायला लागलं. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. तिसरा घाव पडायच्या आत सासूने सुनेच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. तो आईवरही पहार उगारून उभा होता. म्हातारीने खालूनच पडलेला बांबू ओढला आणि त्याच्या गुडघ्यावर, नडगीवर, हाताला येईल तिथे मारायला लागली. "मार," ती म्हणत होती. "मला मार. आधी मला मार."

त्याची पहार सुटली. मग इतका वेळ चढवून देणारे तेच लोक त्याच्यावर तुटून पडले. त्याला मातीत पाडून त्यांनी लाथा घातल्या. एकाने विटेचा तुकडा उचलून त्याच्या तोंडावर मारला आणि दात मातीत पडले. पोटात लाथा बसत होत्या आणि तो गुडघे छातीशी घेऊन कुत्र्यासारखा केकाटत होता. मी कोयता हातात घेऊन उभी होते आणि खरं सांगायचं तर मला ते थांबावं असं वाटत नव्हतं.

थांबवलं आत्याने. ती मोडका हात पोटाशी धरून त्या घोळक्यात सरकली आणि त्याच्या डोक्यापाशी जाऊन बसली, म्हणजे लाथ घालायची तर तिच्यावर पडावी. "यालाही नाही," ती म्हणाली. "कुणाला हात लागणार नाही, असं मी म्हटलंय. यालाही नाही." हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, पोलिसांची गाडी फाटकाशी येईपर्यंत.

भगत दवाखान्यात सापडला, त्याच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा लागला. नवऱ्याला टाके घालून कोठडीत नेलं. मारहाणीबद्दल दिरावरही केस झाली, तो काही दिवसांनी जामिनावर सुटला. सुनेचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. आत्याच्या मनगटाचं ऑपरेशन झालं.

आमचं भांडण झालं ते तिसऱ्या दिवशी, मी तिला चमच्याने वरणभात भरवत असताना.

"तू त्या बाईला खरी मानलीस," मी म्हणाले. "सगळ्या गावासमोर. आता ते म्हणणार, एवढी शिकलेली, परदेशात राहिलेली बाईसुद्धा खाडीवरच्या बाईशी अदबीने बोलली. आजोबांनी कशासाठी सोडलेलं हे सगळं?"

"मी मानली नाही."

"आपण, आपल्याला, काय म्हणून हाक मारू. हे काय होतं मग?"

आत्याने तोंडातला घास गिळला. "त्या गोदामातल्या टोळीलाही आपल्या सरकारने मान्यता दिली नव्हती. पण माणसं तिच्या ताब्यात होती. मी म्हटलं असतं, तुम्ही कुणीच नाही, तर त्यांनी दाखवून दिलं असतं ते कोण आहेत."

"ही टोळी नव्हती. एक मुलगी होती."

"मुलीचं बोलणं त्या घरात कुणी ऐकत होतं?"

मी भांडं घेऊन आत गेले. मला ते पटलं नव्हतं. अजून अर्धंच पटलंय. मला वाटतं, त्या दिवशी मुलगी वाचली आणि खाडीवरची बाईही वाचली, आणि पुढे त्या दुसरीच्या नावाने अजून कुणाला तरी खांबाला बांधतील. हे मी आत्यालाही सांगितलं. ती म्हणाली, "शक्य आहे." तिला ते डाचत होतं. पण त्याहून जास्त डाचत होतं मागचं दार. "शब्द मी दिला होता," ती झोपेतून उठून म्हणायची. "दार बघायला हवं होतं."

प्लास्टर निघालं नव्हतं तरी ती मला घेऊन कल्याणपलीकडे, सुनेच्या माहेरी, तिला भेटायला गेली. मुलगी खाटेवर पडून होती. तिची आई पायाशी बसून संत्रं सोलत होती. आत्या म्हणाली, "मी दिलेला शब्द मोडला. माफी मागायला आले आहे."

मुलगी पूर्वीसारखीच हळू बोलली. "तुम्ही नाय मोडलात."

"त्यांनाही सांगाल?" आत्याने विचारलं.

मुलीला कळलं ती कुणाबद्दल बोलतेय. "ती आता येत नाय," ती म्हणाली.

खांदा जुळल्यावर आम्ही चौघं मिठागराकडे गेलो. दीर पुढे, मागे ती, मग आम्ही दोघी. सकाळची वेळ होती आणि भरती उतरलेली. बांध वळतो तिथे चिपीचं झाड होतं, पण खालची माती भरतीने इतक्या वेळा धुतली होती की कुठे काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. दीर एका जागी थांबला, मग दोन पावलं मागे आला, मग म्हणाला, "इथंच कुठेतरी." त्याला नक्की आठवत नव्हतं आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती. मला वाटलं, आता ती पुन्हा घोगऱ्या आवाजात बोलेल. ती चिखलात बसली. बरा असलेला हात तिने त्या मातीवर ठेवला आणि तसाच ठेवला. दीर तोंड फिरवून उभा राहिला. आत्या माझ्या आधाराने बांधावर बसली.

परत येताना मी तिच्याबरोबर चालत होते. मला कितीतरी दिवस विचारायचं होतं ते मी विचारलं.

"ती खरंच यायची, की तू बोलायचीस?"

"मला मारायचे तेव्हा दुखायचं," ती म्हणाली. "ती असली की दुखायचं नाय. त्या दिवशी छडी पडत होती तेव्हा मी लांब होते, खाडीपलीकडून बघत असल्यासारखी. तुम्हाला खोटं वाटतंय ना?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"आत्यांनी विचारलं नाय कधी."

"नाही. ती विचारत नाही."

केस कोर्टात उभी राहिली तेव्हा सासूने मुलाविरुद्ध साक्ष दिली. पोटातल्या लाथांबद्दलही सांगितलं. तिच्या कपाळावर दगडाचा व्रण होता. गावठाणातल्या अर्ध्या घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आता ती आमच्या गेटपाशी टोपली घेऊन बसते आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बायका तिच्याकडून मासळी घेतात. मुलगी माहेरी राहिली नाही. माजिवड्याला एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या कामाला लागली आणि दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली.

आत्या गेल्या वर्षी गेली. मुलगी अंत्यविधीला आली होती, सासूही. आमच्या पद्धतीने वंदना झाली, तेव्हा दोघी मागे शेजारी शेजारी हात जोडून बसल्या होत्या, शब्द येत नसतानाही. निघताना मुलगी स्वयंपाकघरात आली. सगळ्यांचे चहाचे कप तिथे साठले होते. मी नको म्हणत होते तरी तिने नळ सोडला. सासू दारात उभी राहून म्हणाली, "राहू दे गं, उशीर होईल तुला." ती म्हणाली, "होऊ दे," आणि सासूही पदर खोचून तिच्या शेजारी कप पुसायला उभी राहिली.